सात द्वीपं होऊन राह्यली

अपेक्षा ही एक नैसर्गिक आपत्ती आहे. टोळधाड, गारपीट, महापूर यांची दखल सरकार घेतं. पंचनामा होतो, साहेब जीपमधून उतरून मान हलवतात आणि परत जीपमध्ये बसतात. अपेक्षेचा पंचनामा होत नाही, कारण ती नेमकी कुठून सुटली हे सहसा सांगता येत नाही. सुलतानपूरच्या बाबतीत मात्र ही अडचण नव्हती. तिथे ती भाऊराव पेंटरच्या तोंडून सुटली, एस.टी. थांब्याजवळच्या हॉटेलात, भर सकाळी, आणि साक्षीदार पुष्कळ होते.

भाऊराव पाट्या रंगवायचा. चिखलीपासून मेहकरपर्यंत 'येथे थुंकू नये' ही त्याचीच अक्षरं. (या पाट्यांमुळे लोकांना जागा शोधणं बरंच सोपं गेलं.) नवं राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अजून कोरी करकरीत होती, आणि गावोगाव कशाचं तरी काम सुरू असल्याच्या पाट्या लागत होत्या. त्या सगळ्या रंगवता रंगवता भाऊरावाला वाटलं, आपणही काहीतरी सुरू करावं.

त्यानं खेळ काढला. मांजरपाटाचा, खळ्याएवढा पट. त्यावर सात द्वीपं, बोलणारे डोंगर, उलटी वाहणारी नदी आणि एक राक्षस, जो हसला तरच वाट सोडतो. चार जणांनी पटावर बसायचं आणि एकेक सोंग घ्यायचं: राजा, मांत्रिक, वैदू, चोर. कवड्या टाकायच्या आणि घेतलेल्या सोंगातूनच बोलत, भांडत, ठरवत पुढं जायचं. डोंगर, नदी आणि राक्षस यांच्या वतीनं भाऊराव बोलणार. पट त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, हातानं शिवला होता. चार माणसांनी एकदा तरी या पटावर बसून सातव्या द्वीपापर्यंत जावं, एवढीच भाऊरावाची इच्छा होती. त्यासाठी तो हातातली कामं सोडून बसला होता.

हॉटेलात तो म्हणाला ते असं: "या खेळात ज्याच्या मनात जे येईन ते करता येते."

मग किसनरावानं बशी खाली ठेवली. "हिरीले पानी लागन काय?"

"खेळातली हीर खोदली तं लागन ना."

किसनरावानं फक्त 'लागन' एवढंच घरी नेलं. दिवस मावळायच्या आत गावाच्या अपेक्षा तयार झाल्या. किसनरावाला विहिरीत पाणी हवं होतं, शक्यतो गोडं. उकंडरावाला शेजाऱ्यानं नांगरून घेतलेला शेताचा धुरा, म्हणजे बांध, परत हवा होता. रुखमाबाईला सुनेनं एकदा तरी 'हो' म्हणायला हवं होतं. (सुनेची अपेक्षा इथे देता येत नाही.) तालमीतल्या पोरांना राक्षसाशी निकाली कुस्ती हवी होती, आणि शाळेच्या हेडमास्तरांना वाटत होतं की द्वीपं भूगोलात येतात, तेव्हा यंदाचा भूगोल परस्पर उरकेल.

इतकी अपेक्षा एका गावात साठली की तिचा वास पंचायत समितीपर्यंत जातो. तिथे पुण्याहून नवे आलेले एक विस्तार अधिकारी होते. त्यांनी खेळाच्या प्रगतीचा अहवाल मागवला. भाऊराव प्रामाणिक माणूस. त्यानं आपल्या सुंदर अक्षरात एकच ओळ लिहिली: 'सात द्वीपं होऊन राह्यली.'

हे वाक्य वऱ्हाडात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. काम सुरू आहे. किती झालं ते विचारू नये. प्रत्यक्षात तीन द्वीपं रंगली होती, चौथ्याला किनारा नव्हता, आणि राक्षसाला डोकं होतं पण धड यायचं होतं. साहेबांनी वाक्याचा पुणेरी अन्वयार्थ लावला. 'होऊन', म्हणजे झाली. 'राहिली', म्हणजे उरली. आठवड्यात उत्तर आलं: 'सुलतानपूर येथील द्वीपांचे काम पूर्ण होऊन काही द्वीपे शिल्लक राहिल्याचे वाचून समाधान वाटले. चिखली तालुक्यात अद्याप एकही द्वीप नसल्याने शिल्लक द्वीपे तिकडे वर्ग करावीत व उद्घाटन पोळ्यापूर्वी उरकावे.'

भाऊराव कागद घेऊन सरपंच रामरावांकडे धावला. "सरपंच, होऊन राह्यली म्हंजे झाली नाई हो!"

"मले माहीत हाये. तुले माहीत हाये. पन सायबाले कोन सांगन?"

"तुमी सांगा ना."

"सांगून राह्यलो," रामराव म्हणाले आणि त्यांनी बिडी पेटवली.

त्यांनी अगदीच काही केलं नाही असं नाही. ग्रामपंचायतीनं अपेक्षा-नियमन समिती नेमली. (द्वीपं वाढवणं भाऊरावाच्या हातात होतं, तेव्हा उरलेली बाजू, म्हणजे अपेक्षा कमी करणं, समितीनं घेतली.) पहिला उपाय ठरला तो असा, की भाऊरावानं चावडीवर उभं राहून स्वतःच्या खेळाची निंदा करावी. त्यानं केली. राक्षस फार मोठा नाही, तो म्हणाला. लोक म्हणाले, माणूस किती नम्र आहे. द्वीपं तीनच झालीत, तो म्हणाला. लोकांनी एकमेकांना डोळा मारला, म्हणजे चार लपवून ठेवली आहेत. शेवटी "मले नाई जमलं हो" म्हणताना त्याला खरंच रडू आलं, तेव्हा बाया पुढं होऊन त्याच्या पाया पडल्या. समितीच्या अंदाजानुसार भाऊरावाच्या दर नकाराला अपेक्षा सव्वापट होत होती, आणि रडण्याचा हिशेब समितीला जमला नाही.

दुसरा उपाय मात्र अचूक होता. समितीनं मनकर्णाबाईंची अधिकृत अपेक्षा-उतारक म्हणून नेमणूक केली. मनकर्णाबाईंनी जन्मात कशाला बरं म्हटलं नव्हतं. लग्नातल्या भाताविषयी त्यांचं मत होतं, "शिजला, पन त्याच्या मनात नव्हतं." नातू पहिल्या वर्गात पास झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "तपासनाराचं डोकं दुखत असन." अशी माणसं गावोगाव असतात, पण त्यांना पद देण्याची दूरदृष्टी सुलतानपूरनंच दाखवली.

मनकर्णाबाई दारोदार फिरल्या. ओसरीवर बसायच्या, पाणी प्यायच्या (पाण्याला नाव ठेवायच्या), आणि म्हणायच्या, "काई नाई वो, कपडा हाये. पुसाच्याही कामाचा नाई." किसनरावाची विहीर पुन्हा कोरडी झाली. उकंडराव धुऱ्याचं विसरला. हेडमास्तरांनी भूगोल शिकवायला सुरुवात केली. भाऊरावाच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्यानं इतका मन लावून ब्रश चालवला की चौथं, पाचवं, सहावं द्वीप आणि राक्षसाचं धड, सगळं उभं राहिलं. इतका सुखी तो लग्नानंतर पहिल्यांदाच होता.

पण समितीच्या कामाला एक शिस्त होती. ज्या वस्तूची निंदा करायची ती निंदकानं एकदा पाहिली पाहिजे, असा नियम निघाला. मनकर्णाबाई दुपारी भाऊरावाच्या घरी आल्या. "दाखव, काय मांडलं त्वा."

नियमानं चार खेळाडू लागतात, पण तपासणीपुरतं दोघींवर भागवलं. पंचफुला राजा झाली. मनकर्णाबाईंनी चोराचं सोंग घेतलं, आणि ते त्यांना चोळीसारखं बसलं. दुसऱ्या द्वीपावर त्यांनी राजाचाच मुकुट लांबवला. राक्षस आडवा आला तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुह्या लग्नात आलती मी. पोयी कच्ची होती." राक्षसाच्या वतीनं भाऊराव इतका हसला की त्याला बोलवेना, आणि वाट सोडावीच लागली.

दिवे लागायच्या सुमारास त्या बाहेर आल्या. दारात बाया जमल्या होत्या. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वाईट नाई."

गाव हादरलं. ज्या बाईनं गंगेच्या पाण्यातही गाळ शोधला, ती 'वाईट नाई' म्हणाली! आपली चूक मनकर्णाबाईंच्या लगेच ध्यानात आली. "म्या फकस्त वाईट नाई म्हनलं," असं त्या ओरडून सांगू लागल्या. आणि त्या दोनदा म्हणाल्या, असं लोक मेहकरपर्यंत सांगू लागले. गाड्यांत जागा उरली नाही, तेव्हा कंडक्टर तेच सांगत माणसांना टपावर चढवत होते.

उद्घाटनाला इतकी माणसं आली की मोजणाऱ्यानं मोजणं सोडून जागा धरली. साहेब आले, फीत कापली गेली. भाऊरावानं पट उलगडला. सातवं द्वीप अजून ओलं होतं. "या," तो म्हणाला. "चार जन या. कोनीबी या."

पंचफुला पदर खोचून राजाच्या जागेवर जाऊन बसली. तीन जागा राहिल्या.

कोणी हललं नाही. किसनराव म्हणाला, पाण्याचं आधी लिहून द्या. उकंडरावाला राजाच व्हायचं होतं, आणि तीच जागा भरली होती. हेडमास्तर परीक्षक म्हणून आले होते. तालमीतली पोरं म्हणाली, "दुसऱ्याले खेयू द्या, मंग पाहू." साहेबांनी खुर्ची थोडी पुढं ओढली, पण पाहण्यासाठी. मनकर्णाबाई तेवढ्या लगबगीनं पुढं आल्या. त्यांना समितीनं दंडाला धरून मागं घेतलं, कारण पदावरच्या व्यक्तीला खेळता येत नाही.

"कोनीबी या हो," भाऊराव पुन्हा म्हणाला. सातव्या द्वीपाचा रंग वाळला. लोक पांगले, आणि जाताना प्रत्येकानं मत दिलं: राक्षस अंमळ ताणलाय, पाचव्या द्वीपावर कंटाळा येतो, चोराला नीट वाव नाही, एकंदर खेळ अपेक्षेइतका नव्हता. भाऊरावाला हे सगळं ऐकू येत होतं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

समिती अजून मतं गोळा करते. तुम्हीही इथवर बाहेर उभं राहूनच आलात, तेव्हा तुमचं मत एव्हाना तयार झालं असेलच. मत द्यायला न खेळलेल्यांची रांग डावीकडे आहे. लांब दिसते, पण भराभर सरकते. उजवीकडे पटावर पंचफुला बसली आहे. तिकडे रांग नाही.