काशीरामकाकांची दाढ

"माझ्या अभ्यासातला एकही पेशंट निसटणार नाही!" दातांच्या डॉक्टर रोवेनानं प्रबंधाच्या सरांपुढे छाती ठोकून सांगितलं होतं. विषय साधा. रूट कॅनाल केलेल्या दाढेवर कॅप बसवली तर ती जास्त टिकते, की नुसतं सिमेंट भरूनही भागतं? कॅपवाले ढिगानं मिळाले. बिनकॅपचे मोजकेच, आणि त्यांतले उमेळे गावचे काशीरामकाका तपासणीला येईनात. "ते नाहीत, तर प्रबंध नाही," सरांनी बजावलं.

काकांनी कॅप नाकारली तेव्हा रोवेनाला केवढा आनंद झाला होता! "दाढेला टोपी?" ते गरजले होते. "मला कोनी टोपी घालायची नाय!"

आता फोन केला की काका भातकापणीत. स्कूटर काढून ती थेट घरी धडकली, तर काका मागच्या दारानं केळीच्या बागेतून पसार! पण हार मानेल ती गास गावची पोरगी कसली? तिनं त्यांच्या सुनेच्या मोबाईलवरून त्यांना गाठलंच.

"काका, पळताय का?"

"खुर्चीत बसलो का तुमी टोपी घालनार!"

"नाही हो! दाढ फक्त बघायचीय."

"ती दुखत नाय. नस मेली, असं तुमीच बोललेल्या ना?"

रोवेनाचं डोकंच फिरलं. "काका, तुम्ही नाही आलात तरी चालेल, पण शनिवारी ती दाढ मला दवाखान्यात पाहिजे म्हणजे पाहिजे!"

मग काका म्हणाले, "बरं बाय. शब्द दिला."

शनिवारी रोवेनानं सरांनाही बोलावून घेतलं. काका आले. गाल टम्म फुगलेला, पण चेहऱ्यावर हसू. त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढून उघडली. आत कापसावर दाढ! मुळांसकट!

"काका! हे काय केलंत?"

"नाक्यावरच्या डाक्टरकडनं काढली. तो नको बोलत होता, चांगली हाय बोलला. मी बोललो, बायला शब्द दिलाय!"

सरांनी चिमट्यात धरून दाढ उजेडात फिरवली. "सिमेंटला चीरसुद्धा नाही. उत्तम टिकलीय. फक्त तोंडात हवी होती."

रोवेना मटकन बसली, तीही पेशंटच्या खुर्चीत. तिला रडू आवरेना.

काकांना गलबलून आलं. "रडू नको बाय. सावकाश बगा. पन आज परत बसवून द्या हां! उद्या पुतन्याची हळद हाय, मटन चावाया लागेल."