सल्ला देईल तो कप विसळेल

लग्नाच्या मांडवात ओळख करून देताना लोक गाव सांगतात, हुद्दा सांगतात, फारच झालं तर जावई कुठं नोकरीला आहे ते सांगतात. आमच्या शेजारच्या प्रमिलाकाकू आपला आजार सांगतात.

"मी प्रमिला काळे. बोरगाव मेघेत राह्यतो. तहसीलीतून रिटायर. बायपोलर आहो."

एकदा पंगतीत शेजारी बसलेल्या नवरीच्या मावशीनं दबकत विचारलं, "म्हणजे काय जी?"

"मनाचं दुखणं. कधी मन असं उधळते का एका दिवसात तीनदा पडदे बदलतो. कधी अंथरुणातून उठवत नाई. गोळ्या चालू हायेत. तुमची शुगर कितीक राह्यते?"

मावशीनं सुटकेचा श्वास टाकला आणि शुगर सांगितली. मठ्ठा येईपर्यंत ती गुडघेदुखीवर आली होती आणि मठ्ठा संपेपर्यंत, नवरा गेल्यापासून झोप लागत नाही, इथवर पोचली. काकूंसमोर माणसं अशी उलगडतात.

मीही त्यातलाच. हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मागच्या वर्षी परीक्षेच्या वर्गावर असताना एकाएकी छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले. हार्ट अटॅकच, असं समजून दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ही भीतीची उसळी आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. दाखवलं, गोळ्या सुरू केल्या आणि बायकोखेरीज कुणाला पत्ता लागू दिला नाही. काकूंना तो आपोआप लागला. कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाल्या, "मास्तर, हृदय चांगलं निघालं त तोंड काऊन पाडलं? रविवारी सकाळी अंगणात येजा. आमची बैठक राह्यते."

बैठक म्हणजे कडुनिंबाखाली चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चहाची एक केटली. काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला. "सातबारा कोरा हाय, का बोजा चढला?" म्हणजे मन हलकं आहे की जड. जन्म तहसीलीत गेलेली बाई, दुसरं काय विचारणार? औषधाचं डॉक्टर पाहतील, इथं आपलं सांगायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. नियम एकच. जो सल्ला देईल, त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे.

मास्तराला सल्ला देऊ नको म्हणणं म्हणजे मांजराला दुधाकडे पाहू नको म्हणणं. पहिल्याच रविवारी "सकाळी फिरायला जात जा" असं माझ्या तोंडून गेलं आणि मी कप विसळले. "सकारात्मक विचार करा" म्हणालो, तेव्हा काकूंनी केटलीही पुढं केली. ही बातमी घरी पोचल्यावर बायकोचा विश्वास बसेना. "मीबी येतो एखाद्या रविवारी," ती म्हणाली, "निस्तं पाहाले."

सेलूकडचा गजानन भाजीपाला पिकवतो. त्याला हात धुण्याचा आजार. एकदा नळाखाली हात गेले की कातडी लाल होईपर्यंत त्याला थांबवत नाही. त्यानं सल्ला दिला की काकू कप माझ्याकडे सरकवत. "त्याच्या हाताले रविवारची सुट्टी हाय." म्हणजे त्याची शिक्षाही मलाच. आणि निलेश. तो बँकेत आहे, ऑटिस्टिक आहे, नजरेला नजर देत नाही आणि गोड बोलणं त्याला जमत नाही. पहिल्याच भेटीत मला म्हणाला, "सर, तुम्ही खूप बोलता."

मी आशेनं काकूंकडे पाहिलं. आता याचे कप!

"हा सल्ला नाई, मास्तर," काकू म्हणाल्या, "ही माहिती हाय."

दिवाळी सरली तसं काकूंचं बोलणं कमी होत गेलं. थंडीतल्या एका रविवारी त्यांचं दारच उघडलं नाही. खिडकीतून एवढंच ऐकू आलं, "आज बैठक नाई. जा बाप्पा घरी."

मी घाबरलो. अमरावतीला त्यांच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या बदलल्यात, पण आई कुणाशी बोलतच नाही. हेच माझ्या जिवाला लागलं. मांडवभर बोलणारी बाई गप्प झाली आणि तशीच राहिली तर?

माझ्या तोंडात सल्ल्यांची रांग लागली होती. ऊन घ्या, भजन लावा, लेकीकडे जाऊन राहा. सगळे गिळले. गजाननानं गाडीवरून तुरीच्या शेंगांची पिशवी काढली, ओट्यावर ओतली आणि सोलायला बसला. निलेश खिडकीजवळ जाऊन म्हणाला, "काकू, दार नाई उघडलं तरी चालते. आम्ही इथंच बसतो."

आम्ही बसलो. इतका वेळ गप्प बसलेलं मला माझ्या आईनंही पाहिलं नसेल.

पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी कडी वाजली. काकू बाहेर आल्या. केस विंचरलेले नव्हते, अंगावर शाल होती. पायरीवर बसल्या आणि मूठभर शेंगा ओढून घेतल्या. सोलू लागल्या.

"पहिल्यांदा आजारी पडलो नं, तवा घर भरून लोक आलते," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी म्हणे उपास कर, कोणी म्हणे देवाले जा, कोणी म्हणे मन घट्ट कर. सांगून सांगून सारे घरी गेले. मंग कोणी आलंच नाई. सल्ला देऊन झाला का माणसाले वाटते, आपलं काम झालं." एक शेंग त्यांच्याच्यानं उघडेना, ती गजाननानं घेतली. "म्हणून म्या तो कपाचा नियम काढला. म्हटलं, सल्लाच नाई दिला त लोक बसतीन तरी."

ज्या नियमाला मी वर्षभर हसत होतो, तो या बाईनं माणसं थांबावीत म्हणून केला होता. काही बोलावंसं वाटलं, पण जे सुचलं ते सगळं सल्ल्यासारखंच वाटलं. मी शेंगा सोलत राहिलो.

ऊन ओट्यावरून उतरलं. गजाननानं रिकामी पिशवी झटकली, मी चपला शोधू लागलो. काकूंनी मान वर केली नाही. दाण्यांच्या ताटलीत बोटं फिरवत म्हणाल्या, "या दाण्याइचा सोलेभात टाकतो. थांबता का?"

सगळ्यांचं विचारणाऱ्या काकूंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. निलेशनं नेहमीसारखं भिंतीकडे पाहत थोडा विचार केला.

"मले सोलेभात आवडत नाई," तो म्हणाला. "पण थांबतो."