ब्रेकचा दिवस

दुसरा रोडगा तुपात बुडवून देवीदासनं तोंडाशी नेला, तेवढ्यात त्याच्या मेव्हण्यानं, अश्विननं, सहज विचारलं, "काहून भाऊजी, परमनंट झाल्यावरबी ब्रेक असते काय?"

रोडगा हवेतच थांबला. परसात वांग्याच्या भाजीचा झणझणीत वास सुटला होता, सासूबाई इंदूबाई गोवऱ्यांच्या राखेतून कणकेचे आणखी रोडगे उकरत होत्या, आणि देवीदास मनातल्या मनात तारीख मोजत होता.

अमरावतीतल्या एका लहानशा सरकारी कार्यालयात तो पाण्याचे नमुने तपासायचा. बारा वर्षं कंत्राटी. दरवर्षी नऊ डिसेंबरला करार संपायचा, अकराला नवा सुरू व्हायचा, आणि मधला दहा डिसेंबर हा ब्रेकचा दिवस. त्या दिवशी तो सरकारचा कोणीही लागत नसे. सलग नोकरी केली असा दावा उद्या कोणी कोर्टात करू नये, म्हणून कुण्या हुशार डोक्यातून निघालेली ही युक्ती. बाकी वर्षभर सुटी घेतली की पगार कापला, त्यामुळे घरातलं सगळं काही या एका दिवसावर ढकललेलं असे. दाढ काढायची ती ब्रेकला, पोराचं जावळ तेही ब्रेकला. देवीदासचं लग्नसुद्धा ब्रेकच्याच दिवशी लागलं होतं. भटजींनी मुहूर्त नंतर बसवून दिला. तेव्हापासून दर दहा डिसेंबरला पहाटेच्या गाडीनं हिवरखेड, सासरी रोडगे, आणि रात्री परत.

गेल्या जूनमध्ये मात्र सरकारनं कंत्राटी लोकांना सेवेत सामावून घेतलं. सासरे पुंजाजींनी गावभर पेढे वाटले. आदेशाला प्लास्टिकचं आवरण चढवून देवीदासनं तो टीव्हीशेजारी टांगला होता, त्यामुळे त्यातली सातवी अट त्याला तोंडपाठ होती. परिवीक्षेच्या काळात विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याची सेवा समाप्त करण्यात येईल.

"आज हापिस हाये," तो पुटपुटला.

"काय?" त्याची बायको ज्योत्स्ना तुपाचं भांडं घेऊन उभी होती.

"आज हापिस चालू हाये, ज्योत्स्ना. आता ब्रेक नसते आपल्याले. मी विनापरवानगी रोडगे खाऊन राहिलो."

त्यानं हात न धुताच कार्यालयाचा फोन लावला. कोणी उचलला नाही. साहेब भडकलेले असले की फोनला हात लावायची कोणाची छाती होत नाही, हे त्याला बारा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. मग त्यानं शेजारच्या टेबलावरच्या स्वप्निलला मोबाइल लावला.

"बोला देवीदासभाऊ," स्वप्निल जरा दबकतच बोलला. "मी हापिसातच हाये. म्हणजे... खाली चहा प्याले आलो. तुमी?"

"मी बी हापिसातच. म्हणजे... नमुने आणाले बाहेर निघालो. साहेब काही बोलले काय रे?"

"मले नाई बोलले. पण भडकले असतीन."

"सांभाळून घेजो बापा."

"हो ना भाऊ, तुमीबी मले सांभाळून घ्या."

आपण ज्याला सांभाळायला सांगितलं तोच पोरगा उलट 'मले सांभाळून घ्या' का म्हणतो, आणि चहाच्या टपरीवर कुकरची शिट्टी कशी वाजते, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत देवीदास नव्हता.

आता घरच्यांनी सूत्रं हातात घेतली. "सांगून द्या, सासरा मेला," पुंजाजी म्हणाले. जावयाच्या नोकरीसाठी त्यांची एवढी तयारी होती.

"काहून अभद्र बोलता सकाळी सकाळी?" इंदूबाई कडाडल्या. "नुसते बिमार पडा."

"बिमार तं बिमार. जवाईबापू, लिहा, सासरे सिरीयस."

देवीदासनं साहेबांना तसा निरोप पाठवला. साहेबांचं एकाच शब्दाचं उत्तर आलं, "कळले." हा शब्द त्याला शिव्यांपेक्षा भयंकर वाटला. तो तसाच बसस्टँडकडे पळाला. साहेबांनी व्हिडिओ कॉल केलाच तर पंचाईत नको, म्हणून इकडे पुंजाजी बाजेवर आडवे झाले आणि इंदूबाईंनी त्यांच्या अंगावर दोन गोधड्या टाकल्या.

अकोटपर्यंत एक बस, पुढे दुसरी. दर्यापूर येईपर्यंत ज्योत्स्नाचे तीन फोन येऊन गेले. पहिल्यांदा शेजारची तानुबाई डोकावून गेली होती. दुसऱ्यांदा अर्धी आळी जमली होती. तिसऱ्यांदा कोणीतरी नारळपाणी आणलं होतं आणि पुंजाजींना ते बळेच पाजण्यात आलं होतं. देवीदासला त्याचं काही वाटेना. बारा वर्षं आशेवर काढली, त्या नोकरीचे सहा महिनेही धड झाले नाहीत, आणि ती रोडग्यापायी जाणार. ज्योत्स्नानं दारावर 'शासकीय सेवेत' लिहिलेली पाटी हौसेनं लावून घेतली होती. ती कोणत्या तोंडानं उतरवायची, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

दुपार कलताना तो धापा टाकत कार्यालयाच्या जिन्यापाशी पोचला. सर्वांत खालच्या पायरीवर स्वप्निल बसला होता. चेहरा पांढराफटक.

"वर काय चालू हाये?" देवीदासनं विचारलं.

"काईच नाई. कुलूप हाये."

देवीदासनं वर जाऊन पाहिलं. खरंच कुलूप होतं. तेवढ्यात ऑटोतून टायपिस्ट रूपाली उतरली, कडेवर झोपलेलं पोर. तिच्यामागून चतुराबाई आल्या, या शिपाई. कार्यालयाची किल्ली त्यांच्या कमरेला आणि डोक्यावर ओल्या मेंदीचा लेप. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. देवीदासच्या फोननं स्वप्निलला जाग आली होती, त्याच्या फोननं रूपालीला आणि तिच्या फोननं चतुराबाईंना. साहेब सोडले तर कार्यालयात एवढीच माणसं होती.

"काल निघताना आपण 'परवा भेटू' नाई म्हटलं का एकमेकांले?" रूपाली हळूच म्हणाली.

"मी दरवर्षी याच दिवशी मेंदी लावतो," चतुराबाई म्हणाल्या.

कुलूप उघडणार तोच खाली साहेबांची गाडी थांबली. खंडारे साहेब जिना चढून आले आणि चौघांना आळीपाळीनं न्याहाळत उभे राहिले.

"देवीदास, सासरे?"

"बरं वाटून राहिलं साहेब आता."

"स्वप्निलचे सासरे सकाळी सिरीयस. रूपालीताईंचे सासरे सिरीयस. चतुराबाई, तुमचे सासरे तर मागच्याच वर्षी वारले, मी स्वतः आलो होतो मातीला. ते आज परत कसे सिरीयस झाले?"

चतुराबाईंनी मेंदीच्या डोक्यावरून पदर घेतला. देवीदासनं मान खाली घातली, आणि त्यामुळेच त्याला साहेबांचे बूट दिसले. घोट्यापर्यंत काळी माती. पँटला तुरीच्या शेंगेचं एक टरफल चिकटलेलं.

साहेबांनीही ते पाहिलं आणि टरफल झटकलं. "बारा वर्षं या दिवशी इथं कोणीच नसतं," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "मी एकटा येऊन काय करू? शेतावर जायची सवय लागली. चौथा सासरा सिरीयस झाला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला."

चौघांनी ओठ घट्ट दाबून धरले. मग रूपालीचं पोर जागं होऊन हसलं आणि सगळ्यांचाच बांध फुटला.

"अर्ज लिहा," साहेब म्हणाले. "आजची नैमित्तिक रजा. मीही वर माझा पाठवतो. आणि कारणात सासरे नकोत."

"रजा?" देवीदासनं विचारलं. "पगार कापून ना साहेब?"

"पगारी. परमनंट आहात तुम्ही. वर्षाला आठ असतात."

सहा महिन्यांत हे चौघांना कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. देवीदासच्या छातीवरची धोंड उतरली. आदेश हातात पडला त्या दिवशी तो रडला होता, पण आपण परमनंट झालो हे त्याला आत्ता, या जिन्यावर, खरं वाटलं.

त्यानं कोपऱ्यात जाऊन ज्योत्स्नाला फोन लावला. "वाचलो. नोकरी हाये. आन् आयक, उद्याबी रजा टाकतो. रात्रीच्या गाडीनं येऊन राहिलो, रोडगे झाकून ठेव."

पलीकडे तिनं मोठा श्वास सोडला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "लवकर या बापा. लोक उठून नाई राहिले, आन् बाबा गोधडीतून विचारून राहिले, आता बरं होऊ काय? भूक लागली त्यायले."