नोटीस क्रमांक सतरा

मंगळवार, दिनांक १४ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी शहरातल्या चौसष्ट चौकांवरचे नवे कॅमेरे एकदम चालू झाले. बारा वाजेपर्यंत त्यांनी एकतीस जणांना गाडी चालवताना मोबाईल वापरल्याबद्दल पकडले. त्यांतले सतरावे वाहतूक विभागाचे मुख्य अभियंता स्वतः होते. कळ दाबून ते चौकांची पाहणी करायला निघाले होते, आणि वाटेत एक बेकरी होती.

नियंत्रण कक्षात परतताच पडद्यासमोर बसणाऱ्या बाईंनी त्यांना हळूच बोलावले.

"साहेब, हे... तुम्हीच ना?"

साहेबांनी चष्मा पुसला. चित्र सुरेख आले होते. तोंडाशी नेलेली काळी, चौकोनी वस्तूही सुरेख आली होती.

"मोबाईल नाही तो."

"मग काय आहे?"

दार नीट लागले आहे ना, हे साहेबांनी पाहून घेतले. "पेस्ट्री."

"अगं बाई! पण तुम्हाला तर साखर..."

"म्हणूनच हळू बोला!"

डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून साहेबांच्या घरी फ्रिजवर त्यांच्याच हाताने आखलेला तक्ता लटकत होता. ते रोज त्यात रेघ मारीत. 'गोडाविना दिवस : एक्याण्णव.' पत्नी तो तक्ता आल्यागेल्याला कौतुकाने दाखवीत असे.

"ही एक नोटीस रद्द करून टाका."

"कशी करू? कलम नऊ. कोणत्याही पदाच्या जोरावर नोटीस रद्द होणार नाही. तुम्हीच लिहिलंय, साहेब. खाली दोन रेघासुद्धा तुम्हीच मारल्यात."

"आक्षेप घेता येतो ना?"

"येतो की. पण गाडीमालकाच्या सहीने, पुराव्यासकट."

गाडी पत्नीच्या नावावर होती. कलम दहाप्रमाणे छायाचित्रासह नोटीस संध्याकाळी सहाला तिच्याच हाती पडणार होती. आपण खणलेला खड्डा किती मापात खणला आहे, हे साहेबांना प्रथमच जाणवले.

मात्र हार मानणारा माणूस धोरण लिहायला बसत नाही. तीन वाजता त्यांनी तातडीची बैठक बोलावली आणि नागरिकांच्या खाजगीपणावर चाळीस मिनिटे असे कळवळून बोलले, की आयुक्त बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले.

"स्वतःच्याच धोरणातली चूक दाखवणारा अधिकारी मी पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या. नोटिशीतले सर्व चेहरे पुसट करण्याची दुरुस्ती एकमताने मंजूर झाली आणि आजच्या नोटिशींपासूनच लागू झाली. साहेब शीळ घालीत घरी गेले.

पत्नी टेबलाशी बसली होती. पुढ्यात नोटीस होती.

"अहो, सकाळी आपल्या गाडीत कोण होतं?"

साहेबांनी कागद लांब धरून पाहिला. "कोण जाणे. चेहरा तर दिसतच नाहीये."

"चेहऱ्याचं काय करायचंय? शर्टाची ही दुसरी गुंडी काल मीच लावली, पांढरा दोरा संपला म्हणून निळ्या दोऱ्याने. आणि हातातल्या कागदावर 'डबल चॉकलेट' लिहिलेलं स्पष्ट वाचता येतंय."

हातातल्या वस्तूवरचे अक्षर दीडशे फुटांवरून वाचता आले पाहिजे, ही अट निविदेत साहेबांनीच घातली होती. त्यासाठी कंत्राटदाराला तीनदा परतही पाठवले होते.

"एवढ्यासाठीच जुने कॅमेरे बदललेत ना?" पत्नीने शांतपणे पेनाचे टोपण काढले. "पण मोबाईलचा आळ मी माझ्या गाडीवर येऊ देणार नाही. आक्षेप घेणार. पुरावा लागतो, असं इथे खाली लिहिलंय."

"अगं, राहू दे. दंड भरून टाकू..."

"चपला घाला. लॅब साडेसातपर्यंत उघडी असते."

चौथ्या दिवशी नव्या धोरणाखालचा पहिला आक्षेप मंजूर झाला आणि कलम बारानुसार, नमुना म्हणून, कार्यालयाच्या फलकावर लागला. सोबत जोडलेला पुरावा, रक्तातील साखर : दोनशे अडतीस.