बटाट्याची शेपटी

"एक्स्टर्नल शुद्ध शाकाहारी आहेत," प्रोजेक्ट गाइड कीर्ती मॅडमनी वर्कशॉपच्या दारातूनच सांगितलं. "अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत म्हणे. आणि तुम्ही त्यांच्यासमोर मासा सोलणार?"

"मॅडम, मासा सोलत नाहीत, खवलतात," समृद्धी म्हणाली.

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची ती फायनल प्रोजेक्टच्या परीक्षेची सकाळ होती. समृद्धी आणि कल्पेशने वर्षभर खपून मासे खवलायचं यंत्र बनवलं होतं. लांबट ड्रम, आत तारेचे ब्रश, वरून पाण्याची धार आणि एका टोकाला माशाची शेपटी धरून ठेवणारा चिमटा. बाहेरून येणारे परीक्षक महादेव बापट तळोज्याच्या कुठल्याशा कंपनीत डिझाइनचे प्रमुख होते, आणि आवडलेल्या पोराला थेट नोकरीवर घेतात अशी त्यांची ख्याती होती. मेकॅनिकल करून सगळे शेवटी कॉम्प्युटरवरच जाऊन बसतात, हे समृद्धीने वर्षभर ऐकलं होतं. तिला यंत्रांतच राहायचं होतं, आणि आपण राहणारच याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"मासा कॅन्सल," ती म्हणाली. "कॅन्टीनमधून बटाटे आण."

"बटाट्याला खवले असतात?" कल्पेशने विचारलं.

"साल असते ना! मशीनला काय कळतंय आत काय टाकलंय ते?"

मशीनला कळलं. तारेच्या ब्रशांनी पहिल्या बटाट्याच्या चिंध्या केल्या. मग समृद्धीने ब्रश उपटले आणि ड्रमला आतून जाड काचपेपर चिकटवून टाकला. बटाटे गुळगुळीत होऊन बाहेर आले. कल्पेशने यंत्रावर रंगवलेल्या माशाला हिरवा रंग फासला. दुरून तो दुधीसारखा दिसायला लागला. चिमटा मात्र वेल्ड केलेला होता, तो निघेना.

एवढ्यात समृद्धीला आई आठवली. मैना पनवेलच्या मासळी बाजारात बसायची आणि आज ताजा जिताडा घेऊन कॉलेजला येणार होती. समृद्धीने फोनवर फोन केले. पण बाजाराच्या गलक्यात मैनाला स्वतःचा आवाज सोडून दुसरं काही ऐकू जात नसे.

बापट सर आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. त्यांनी टेबलावरच्या बटाट्यांकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग पुन्हा बटाट्यांकडे.

"चालवा," ते म्हणाले.

बटाटे झकास सोलले गेले. कीर्ती मॅडमनी सुस्कारा सोडला. सर वाकून ड्रममध्ये डोकावले.

"हा इतका लांबट का केलात?"

"सर, बटाटा कधी कधी लांबट पण येतो," समृद्धी ठणठणीत आवाजात म्हणाली.

"आणि हा चिमटा?"

"शेपटी धरायला," कल्पेश बोलून गेला.

"बटाट्याची शेपटी?"

कीर्ती मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"मुळ्याची, सर," समृद्धी म्हणाली. "मशीन मल्टिपर्पज आहे. मुळा, गाजर, काहीही घाला."

"अस्सं? मग मुळा दाखवा."

कॅन्टीनमध्ये मुळा आहे का ते बघायला कल्पेश निघाला, तो दारातूनच उलट्या पावली मागे आला. त्याच्यामागून डोक्यावर टब घेऊन मैना आत शिरली. तिच्यामागे धापा टाकत वॉचमन.

"ओ बाई, थांबा म्हणतोय ना!"

"तू थांब! माजे पोरीची परीक्षा हाय!" मैनाने टब थेट सरांच्या पुढ्यात ठेवला. "समू, ह्यो बग तुजा जिताडा! घाल मशीनीत बिगीबिगी, बरफ वितललाय सगला!"

बापट सरांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"ताई, हा मासा या मशीनमध्ये घालायचा होता?"

"मंग काय बटाटं घालायचं? वरीसभर ह्येच तर चाललंय यांचं!"

सर समृद्धीकडे वळले. "घाला."

आत ब्रश नाहीत, काचपेपर आहे, हे समृद्धीला माहीत होतं. पण आता थांबणं म्हणजे हरणं. तिने जिताड्याची शेपटी चिमट्यात अडकवली आणि बटण दाबलं. यंत्र घरघरलं. थोड्या वेळाने जिताडा बाहेर आला तो खवल्यांशिवाय, आणि कातडीशिवायही. पांढराफेक.

"अगो बाय," मैना कुजबुजली, "ह्यो तं नागडा झाला!"

"सर, खरं सांगते," समृद्धी म्हणाली. आवाज मात्र खाली आला नव्हता. "मशीन माशांचंच आहे. तुम्ही शाकाहारी, म्हणून आम्ही आज सकाळी त्याचं बटाट्याचं केलं. ब्रश लावून देते. पुन्हा बघा."

"शाकाहारी आहेच मी," रुमालाआडून सर म्हणाले. "पण आमची कंपनी मासे साफ करायची मशीनं बनवते. आयुष्य गेलं माझं त्यात. तुमचा प्रोजेक्ट वाचून मी हा ग्रुप मुद्दाम मागून घेतला, आणि इथे येऊन बघतो तर बटाटे!"

कीर्ती मॅडम जवळच्या स्टुलावर बसल्या. सरांनी पेनाच्या टोकाने जिताडा उलटापालटा करून पाहिला.

"एका सकाळीत खवल्यांचं मशीन कातडी काढायचं केलंत. आम्ही यावर अजून झगडतोय. निकाल लागला की तळोज्याला या. मात्र तिथे मुळा सांगू नका."

"सर, मी पण येऊ?" कल्पेशने विचारलं.

"तुम्ही या. तुमच्या तोंडून खरं आपोआप बाहेर पडतं. तपासणी खात्यात बसवतो."

सर गेल्यावर समृद्धीने आईला मिठी मारली. मैना तशीच उभी.

"म्हंजी कंपनीत तू करनार काय?"

"मासे साफ करायची मशीनं, आये."

"मासं साफ करायला नको म्हनून तुला विंजिनेर केली मी!"



दुसऱ्या दिवशी बाजारात नेहमीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "मैनाबाई, पोरीला नोकरी मिळाली म्हणे! तिथे काय करणार?"

मैनाने हातातल्या बोईचे खवले सपासप उडवले.

"आमच्या घरान सगली करतान तेच," ती ऐटीत म्हणाली. "फकस्त तिला शिकाया चार वरसा लागली."