काकांच्या डोक्याशी कवळा

सह्याद्रीतलं कुठलंही रानफूल दाखवा, नाव आपण सांगणार! दर रविवारी डोंगर पालथा घालतोय, चेष्टा नव्हे! म्हणूनच गेल्या वर्षी रेवणसिद्धकाकांना आमच्या लिंगायतांच्या माळावर पुरलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "खुणेचा दगड कशाला? कवळ्याची रोपं लावतो. पिवळी फुलं दिसली की समजायचं, इथंच काका!"

यंदा वर्षाच्या दिवशी गेलो, तर पावसानं सगळे उंचवटे सपाट केलेले आणि अख्खा माळ पिवळाजर्द! काका नेमके कुठं, कळेना. मागं रुद्राणीकाकू उभी, हातात थर्मास.

"घावलं का रं?"

"हे काय, इथंच की!" मी सगळ्यात दाट झुबक्याकडं बोट केलं.

काकूनं मला आणि बायकोला वीस पावलं मागं हाकललं. पण आवाज कोल्हापूरचा. सगळ्या माळानं ऐकलं.

"अवो, त्या दिवशी भांडण झालं आन मी रागानं चहा दिला न्हाय. तुमी तसंच रानात गेलासा, ते गेलासाच. चुकलं माझं."

चाळीस वर्षांत हा शब्द काकूच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. तिनं सगळा थर्मास मातीवर ओतला आणि हमसून हमसून रडली. मीही रडलो.

माझी बायको शांभवी डोळे पुसत पुढं आली आणि झुबक्यापाशी वाकली. "अहो, ही सोनकी हाय! बारक्या सूर्यफुलागत. कवळ्याच्या फुलावर दोन लाल ठिपके असत्यात!"

"हळू बोल की!"

तेवढ्यात हार घेऊन एक कुटुंब आलं. त्यांनी झुबका बाजूला सारला. खाली दगड!

"पावणं, आमच्या गुरुपादअण्णापाशी काय करतायसा?"

गुरुपादअण्णा! जन्माचा ठार बहिरा माणूस!

लाल ठिपक्यांची फुलं दहा हातांवर सापडली. काकू तिथं बसली. थर्मास उलटा केला. थेंबसुद्धा नाही.

"त्या दिवशीबी न्हाय, आजबी न्हाय," एवढंच म्हणाली. मला शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझे रविवारचे डोंगर बंद. थर्मास घेऊन माळावर जातो. एक कप काकांना, एक गुरुपादअण्णाला. काकूचा हुकूम आहे, "त्येला सवय तूच लावलीस, आता तूच निस्तर!"