पडद्याला बाह्या कुठून आल्या?

आईच्या शिवणाच्या दुकानाचं पान मोबाईलवर सुरू करण्याची कल्पना वकीलबाईंची. वकीलबाई म्हणजे तिची दहावीतली कन्या. घरच्यांनी वैतागून ठेवलेलं हे नाव ती पदवीसारखं मिरवायची. शाळेनंतर काउंटरवर बसून ती मापं घ्यायची, आणि सुट्टीत काउंटर पूर्ण तिच्या ताब्यात द्यायला आई जवळजवळ तयार झाली होती.

"आमचं काय चुकतं? मोकळेपणाने सांगा," असं तिने पानावर विचारलं.

पहिलं उत्तर बँकेतल्या काकूंचं. "बाह्या घट्ट होतात."

त्याखाली, "हो ना, बाह्याच!" त्याखाली, "बाह्यांबद्दल सहमत." संध्याकाळपर्यंत एकोणीस जणांच्या बाह्या घट्ट झाल्या. त्यात फक्त पडदे शिवून नेलेले एक गृहस्थही होते.

आईने घाबरून तयार शर्टांच्या बाह्या उसवायला घेतल्या.

"आई, कात्री ठेव! पडद्याला बाह्या कुठून आल्या? ही मेंढरं आहेत. वरचं वाचतात आणि तेच लिहितात. आता मी असं करते, की कुणाचं उत्तर कुणाला दिसणारच नाही, फक्त आपल्याला दिसेल. मग जे निघेल ते खरं. मुकाट्याने मानायचं. कबूल?"

"कबूल, बाई."

दोन दिवसांनी तिने उत्तरं मोठ्याने वाचायला घेतली. काजं-बटणं करणारे काका सुई थांबवून ऐकू लागले.

"शिवण सुंदर. पण काउंटरवरची मुलगी फार वाद घालते." वकीलबाई खाकरल्या. "असतं एखादं गिऱ्हाईक."

"मी कंबर चौतीस म्हटलं, तर ती म्हणाली टेप खोटं बोलत नाही."

"मला पडदे हवे होते. तिने माझी छाती मोजली."

आवाज बारीक होत गेला. सोळापैकी सोळा.

"एकमेकांचं बघून लिहिलंय!"

"कसं बघतील?" काका म्हणाले. "तुम्हीच झाकलंत ना, वकीलबाई?"

"आणि बाह्या?" आईने विचारलं.

बाह्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. आईने समाधानाने कात्री खणात टाकली आणि उसवलेला ढीग पुन्हा शिवायला लेकीच्या मांडीवर ठेवला. "काउंटर सोड, आत बस. मुकाट्याने मानायचं ठरलंय."

वकीलबाई आत गेल्या. जाताना मात्र पानावर एक ओळ टाकली, तीही सगळ्यांना दिसेल अशी: "आपल्या सूचनेनुसार काउंटरवरच्या मुलीला हटवलं आहे."

पहिल्या आल्या बँकेतल्या काकू. "अगंबाई! किती गोड मुलगी होती!"

"खरंच, फार गोड!" "गोडच!" पडदेवाले गृहस्थ तर लिहून बसले, "तिच्याशिवाय दुकान सुनं वाटतं."

ती धावत बाहेर आली. "आई, बघ! लोकमत! एकवीस जण!"

आईने चष्मा लावून सगळं शांतपणे वाचलं. "वा! मग उत्तरं झाकून पुन्हा एकदा विचारू या का?"

वकीलबाई मुकाट्याने सुईत दोरा ओवायला बसल्या.